ऋण सोडणे वेगळे, हक्क सोडणे वेगळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ख्रिस्ती उपवासकाळ (ईस्टरआधीचे दिवस) आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून क्षमेवर लेख येतात आणि त्यांत बायबलमधला योसेफ हमखास असतो. भावांनी विकले, त्याने माफ केले, देवाने सगळ्याचे भले केले. तीन ओळींत गोष्ट आटोपते. ती इतक्या लवकर आटोपते म्हणूनच हे पत्र लिहितो आहोत. मराठी ख्रिस्ती घरांत हीच गोष्ट वाटणीच्या बैठकीत सांगितली जाते, आणि ती ऐकून बहुतेक वेळा बहीण, कधी विधवा भावजय, कागदावर सही करते. समेटाच्या कामात बसणाऱ्यांना तो प्रसंग पाठ असतो. वडिलांच्या स्मरणार्थ प्रार्थना झालेली, चहाचे कप अजून गोळा व्हायचेत, थोरला भाऊ प्लास्टिकच्या फोल्डरमधून टाइप करून आणलेले हक्कसोड पत्र काढतो, आणि एखादा वडीलधारा म्हणतो, ‘ताई, प्रभूनं आपल्याला किती माफ केलंय! तूही मन मोठं कर.’

मराठीत या गोंधळाला भाषेचीही साथ मिळते. प्रभूच्या प्रार्थनेत आपण ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ म्हणतो, आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जे नोंदवतो तेही ‘सोड’ पत्रच. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थही सोडून देणे, मोकळे करणे असाच आहे, म्हणजे मराठी भाषांतर चोख आहे. पण प्रार्थनेत सुटते ते समोरच्यावरचे ऋण. कागदावर सुटतो तो आपला गट नंबरातला हिस्सा. ज्याने फसवले त्याचे ऋण सोडायचे तर आधी ते ऋण होते, हे दोघांनी मान्य करावे लागते. हक्कसोड पत्रात नेमके उलटे लिहिलेले असते: ‘मी राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय.’ ऋण होते याचा पुरावाच त्या ओळीने पुसला जातो.

आता योसेफाकडे. ज्यांना ही कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी: याकोबाला बारा मुलगे. लाडका योसेफ सतरा वर्षांचा असताना भावांनी त्याला कोरड्या विहिरीत टाकले आणि मग वीस शेकेल चांदीला मिसरकडे (इजिप्तकडे) चाललेल्या व्यापाऱ्यांच्या हवाली केले. विहिरीत टाकल्यावर ते जेवायला बसले, असे शास्त्र सांगते. आणि फार पुढे, बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या बेचाळिसाव्या अध्यायात, भाऊच एकमेकांना सांगतात की तो गयावया करत होता आणि आपण ऐकले नाही. विकण्याच्या प्रसंगात ही गयावया लिहिलेलीच नाही. गुन्हेगारांच्या तोंडूनच ती बाहेर पडते, वीसहून अधिक वर्षांनी.

प्रवचनांत ज्याचा आधार घेतात ते वाक्य पन्नासाव्या अध्यायाच्या विसाव्या वचनात आहे: तुम्ही माझे वाईट योजले, देवाने ते चांगल्यासाठी योजले. मूळ हिब्रूत दोन्ही बाजूंना एकच क्रियापद आहे, हिशेब मांडणे, बेत करणे या अर्थाचे. म्हणजे एकाच घटनेत दोन बेत होते. देवाच्या बेतामुळे भावांचा बेत चांगला ठरत नाही; त्याला ‘वाईट’ हाच शब्द शेवटपर्यंत लागू आहे. हे वाक्य कोण बोलते? ज्याला विकले तो. कधी? सतराव्या वर्षी विकला गेला, तिसाव्या वर्षी फारोपुढे, म्हणजे मिसरच्या राजापुढे, उभा राहिला, मग सुकाळाची सात वर्षे आणि दुष्काळाची दोन गेली तेव्हा भावांना ओळख दिली, म्हणजे वय झाले साधारण एकोणचाळीस. त्यानंतर याकोब मिसरात सतरा वर्षे जगला. तो वारल्यावर भाऊ पुन्हा घाबरले आणि तेव्हा हे वाक्य आले. विक्रीला एकोणचाळीस वर्षे झाली होती. ते वाक्य वडिलांच्या चाळिसाव्या दिवशी बहिणीच्या तोंडात घालणे म्हणजे शास्त्र वाचणे नव्हे.

आणि विहिरीत किंवा तुरुंगात असताना योसेफ ते बोलत नाही. तुरुंगातल्या सोबत्याला, फारोच्या प्यालेबरदाराला, तो स्पष्ट सांगतो की मला इब्र्यांच्या देशातून चोरून आणले आहे, इथेही मी असे काही केलेले नाही की मला कोठडीत टाकावे. माझे नाव फारोच्या कानावर घाल. सुटण्याची खटपट हीसुद्धा श्रद्धेत बसते. प्यालेबरदार विसरला ती गोष्ट वेगळी. पुरती दोन वर्षे विसरला.

बेचाळीस ते चव्वेचाळीस हे तीन अध्याय प्रवचनांत सहसा गाळले जातात, आणि कामाचे सगळे तिथेच आहे. भाऊ धान्याला आले तेव्हा योसेफाने गळामिठी घातली नाही. हेर म्हणून तीन दिवस कोंडले, शिमोनाला ओलीस ठेवले, धाकट्या बन्यामिनाला आणा म्हणाला, शेवटी त्याच्या पोत्यात चांदीचा प्याला ठेवून त्याला अडकवले. क्रूर वाटते. पण त्याला एकच पाहायचे होते: पुन्हा एका लाडक्या धाकट्याला सोडून स्वतः सुटण्याची संधी मिळाली तर हे काय करतील? तेव्हा यहूदा पुढे येतो आणि म्हणतो, मुलाला जाऊ द्या, त्याच्या जागी मला गुलाम ठेवा. योसेफाला विकू या, ही कल्पना काढणारा हाच यहूदा. यानंतरच योसेफाचा बांध फुटतो. आणि ओळख देताना त्याचे दुसरेच वाक्य आहे: ज्याला तुम्ही मिसरात विकले तो तुमचा भाऊ योसेफ मी आहे. ‘देवाने मला पुढे पाठवले’ हे त्यानंतर. गुन्ह्याचे नाव आधी, देवाचा हेतू मागाहून. हा क्रम उलटला की क्षमेची दडपणूक होते.

व्यवहारात हे कसे करावे, ते आता.

पहिले काम कागदावर हिशेब मांडण्याचे. ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणून क्षमा होत नाही, कारण काय गंगेला मिळाले हे कुणालाच ठाऊक नसते आणि दर दिवाळी-नाताळाला ते वर येते. साधे उदाहरण घ्या. वडील मृत्युपत्र न करता वारले, मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी, आणि जमीन तीन एकर, म्हणजे 120 गुंठे. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 लागतो. त्याच्या कलम 33 प्रमाणे विधवेला एक तृतीयांश, म्हणजे 40 गुंठे. उरलेले 80 तीन मुलांत सारखे, प्रत्येकी 26 गुंठे आणि वर दोन तृतीयांश गुंठा. मुलगा-मुलगी भेद नाही. आई मृत्युपत्राविना गेली की तिचे 40 पुन्हा तिघांत वाटले जातील, म्हणजे बहिणीचा एकूण वाटा 40 गुंठे होतो. बैठकीत ‘तुझं काय, चोळी-बांगडी करूच की’ म्हणतात तेव्हा तराजूच्या दुसऱ्या पारड्यात हे 40 गुंठे असतात. ते तोंडाने उच्चारले गेले पाहिजेत.

दोन युक्तिवाद हमखास येतात. ‘जमीन वडिलोपार्जित आहे, मुलींना नाही.’ ख्रिस्ती वारसाहक्कात जन्मतः हक्काची एकत्र कुटुंबाची कल्पनाच नाही. वडिलोपार्जित असो की स्वकष्टार्जित, वाटणी हीच. दुसरा, ‘तिच्या लग्नाला चार लाख घातले, तोच तिचा वाटा.’ कलम 49 सांगते की हयातीत मुलाला दिलेले पैसे किंवा मालमत्ता मृत्युपत्राविना होणाऱ्या वाटणीत हिशेबात धरायची नाही. अर्थात याच कायद्याची दुसरी बाजूही बहिणीला माहीत हवी. वडील मृत्युपत्र करून सगळे एकाला देऊ शकतात, आणि मग बहिणीला काही न मिळणे कायदेशीर असते, फसवणूक असतेच असे नाही. गोव्यात तसे होत नाही. तिथल्या कायद्यात साधारणपणे निम्मी मिळकत मुलांसारख्या हक्काच्या वारसांसाठी राखीव असते. महाराष्ट्रात मृत्युपत्र पुढे आले तर दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत का ते बघावे, आणि साक्षीदारांत ज्याला मिळकत मिळते तो किंवा त्याची बायको नाही ना, तेही. अशी सही असली तर मृत्युपत्र उभे राहते, पण त्या व्यक्तीला दिलेला भाग कलम 67 खाली बाद होतो.

‘कायद्याकडे जाणे अविश्वासाचे’ असे म्हणणाऱ्या मंडळींना एक आठवण द्यावीशी वाटते. धर्मांतर केल्यावर घरच्यांनी वारसा तोडायचा, ही आपल्या पणजोबांच्या पिढ्यांची दुखरी नस होती, आणि धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जात नाही हे 1850 च्या कायद्याने ठरवले. त्या कायद्याच्या आधाराने उभी राहिलेली घरे आज लेकीला कायदा सांगू नको म्हणतात.

प्रेषित पौलाचे वचनही पुढे केले जाते: भावाने भावावर फिर्याद करण्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय, सातवे वचन. पण पाचव्यात पौल विचारतो, भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय. आणि आठव्यात फसवणाऱ्याला झापतो, तेही भावालाच फसवता म्हणून. म्हणजे मंडळीने (चर्चने) निवाडा करून द्यावा अशी अपेक्षा आहे. निवाडा करायचा नाही आणि कोर्टातही जाऊ द्यायचे नाही, हे पौलाने कुठेच म्हटलेले नाही. लूकच्या बाराव्या अध्यायात एक जण येशूला म्हणतो, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. येशू वाटणी करायचे नाकारतो आणि लोभापासून सावध राहा म्हणतो. हे वचन मागणाऱ्याला सुनावतात. पण न देणारा कोण होता तेही बघावे. लोभ दोन्हीकडे असू शकतो.

पुढची पायरी मत्तय अठरामधली, आणि तिचा क्रम पाळला तर बरेच वाचते. आधी एकट्याने, एकांतात जाऊन त्याचा अपराध त्याला सांगायचा. ऐकले नाही तर एकदोघांना घेऊन जायचे. मग मंडळी. आजकाल पहिल्या पायरीच्या आधीच फॅमिली ग्रुपवर सातबाराचा फोटो पडतो, आत्याबाई रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग लावतात, आणि भाऊ जे काही कबूल झाला असता ते आता सगळ्यांसमोर नाकारणे त्याला भाग पडते. ‘एकदोघे’ निवडताना मेहुणा नको, शेजारचा बांधकरी नको, आणि ज्याने पूर्वी यांच्यापैकी कुणाला पैसे उसने दिलेत तोही नको. एक जण भावाच्या विश्वासातला आणि एक बहिणीच्या, असे असले तर उत्तम. एका बैठकीला एकच विषय ठेवावा. विहिरीचे पाणी, आईचे दागिने, धाकट्याच्या कॉलेजची फी आणि लग्नातला मानपान एकाच संध्याकाळी काढले की रात्री अकराला मानपानावरच मोडते.

पश्चात्ताप खरा की नाही, हे कसे ओळखावे? ‘तुझं मन दुखलं असेल तर सॉरी’ यात ‘असेल तर’ आहे, म्हणून ती कबुली नव्हे. ‘वारस नोंदीत तुझं नाव मी दिलं नाही’ ही कबुली. त्यापुढे भरपाई. लेवीय या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात लुबाडलेले परत करून वर पाचवा हिस्सा द्यायला सांगितले आहे, तोही दोषार्पण (अपराधाबद्दलचे अर्पण) आणायच्या दिवशीच, म्हणजे देवाची क्षमा आणि माणसाची भरपाई एकाच तारखेला. जक्कय या जकातदाराने चौपट देऊ केले. कॅथलिक परंपरेतही पापनिवेदनानंतर चोरलेले शक्य तितके परत करणे बाकी राहतेच. फादरांनी पापमुक्ती दिली म्हणून बहिणीचे गुंठे भावाचे होत नाहीत. भरपाई म्हणजे दर वेळी जमीनच असेही नाही. फेरफार दुरुस्तीचा अर्ज भावाने स्वतःच्या सहीने देणे, ही फार मोठी भरपाई आहे, आणि तिला खर्चही किरकोळ येतो.

समोरचा कबूलच होत नसेल तर? तेव्हा क्षमा आणि समेट यांची फारकत करावी लागते. सूड देवावर सोपवणे, त्याच्या वाइटाची इच्छा न धरणे, त्याच्यासाठी प्रार्थना करणे, हे एकट्याला जमते आणि ख्रिस्ती माणसाकडून ते मागितलेले आहे. रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय ‘शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितके’ सर्वांशी शांतीने राहा म्हणतो. त्यात दुसऱ्याचा भाग दुसऱ्यावरच ठेवला आहे. समेटाला मात्र दोघे लागतात. अशा वेळी एक चूक फार जण करतात. न कबूल झालेल्या भावाला फोन करून ‘मी तुला क्षमा केली’ असे सांगतात. त्याला ते आरोपासारखे ऐकू येते आणि नवे भांडण उभे राहते. ते वाक्य देवाजवळ बोलावे. भावाला ‘नाताळला आईला घेऊन ये’ एवढे पुरे. एसावाने आपल्याला फसवणाऱ्या भावाला, याकोबाला, मिठी मारली, दोघे रडले, आणि मग एसाव सेईरला गेला, याकोब सुक्कोथला. क्षमा झाली, तरी एका अंगणात राहिले नाहीत.

येशूचा दहा हजार तालांतांचा दाखलाही इथे नीट मोजावा: राजाने चाकराचे तेवढे ऋण सोडले, त्या चाकराने सोबत्याचे शंभर दीनारांचे सोडले नाही. एक तालांत सुमारे सहा हजार दीनारांचा, आणि दीनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. पहिल्या चाकराचे ऋण झाले सहा कोटी दिवसांचे. त्याच्या सोबत्याचे शंभर दिवसांचे. सहा लाख पट फरक. तरी शंभर दिवसांची मजुरी म्हणजे तीन महिन्यांहून जास्त घर चालवणारी रक्कम; येशूने ती शून्य म्हटलेली नाही. आणि राजाने जे सोडले ते स्वतःच्या तिजोरीतले. पाळकाने बहिणीच्या खात्यातले ऋण सोडून टाकायचे, ही सोय त्या दाखल्यात नाही.

क्षमा केल्यावरही आठवण येते. भाचीच्या लग्नाची पत्रिका, बांधावरचा आंबा, पीककर्जासाठी काढलेला नवा सातबारा, कुठेही टोचते. म्हणून क्षमा खोटी होती असे समजून लोक खचतात. ‘सत्तर वेळा सात’ क्षमा करण्याची आज्ञा नव्या अपराधांसाठी जितकी, तितकीच त्याच अपराधाच्या परत येणाऱ्या आठवणीसाठी. योसेफानेही थोरल्या मुलाचे नाव मनश्शे ठेवले, देवाने मला माझे सर्व कष्ट आणि बापाचे सारे घर विसरायला लावले म्हणून. पुढे बन्यामिनाला पाहताच तो आतल्या खोलीत जाऊन रडला. ‘देव सर्व गोष्टी मिळून कल्याण करतो’ या वचनातले कल्याण म्हणजे दुप्पट जमीन, असेही कुणी सांगू नये. पुढचेच वचन ते काय ते सांगते: त्याच्या पुत्राच्या प्रतिरूपासारखे होणे. ते 40 गुंठे परत न येताही घडू शकते, आणि परत मागतानाही.

एक अपवाद निक्षून. मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा धमकी असेल तिथे यातले काहीच लागू नाही. तिथे बैठक घालायची नसते. लैंगिक अत्याचाराची पीडित व्यक्ती अल्पवयीन असेल तर पोक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्याच्या कलम 19 प्रमाणे कळवणे सक्तीचेच आहे, पाळकालाही.

कुणाला खरेच, समजून-उमजून, आपला वाटा भावाला द्यायचा असेल तर आनंदाने द्यावा. देणगी म्हणून द्यावा आणि भावानेही ती देणगी म्हणूनच घ्यावी. त्यासाठी मसुदा घरी न्यावा, आठवडाभर ठेवावा, स्वतःच्या वकिलाला दाखवावा. नेमक्या कोणाच्या लाभात सोडत आहोत ते नाव बघावे. गट नंबरानंतर ‘व इतर सर्व स्थावर-जंगम मिळकती’ अशी शेपटी असते, तिच्यात गावातले घर आणि बँकेतली ठेवही जाते; ती खोडून घ्यावी. स्थावराचे हक्कसोड पत्र नोंदवावेच लागते, आणि नोंदले की नुसते मन बदलून परत फिरत नाही. फसवून सही घेतली असेल तर रद्द करण्याचा दावा ते कळल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. फेरफाराची नोटीस आली तर हरकतीला पंधरा दिवस असतात; ‘देव बघून घेईल’ म्हणत ती देव्हाऱ्यामागे, किंवा बायबलमध्ये, खोचून ठेवू नये.

पाळकांना आणि पंचांना विनंती एवढीच की स्मरणार्थ प्रार्थनेच्या दिवशी कुठल्याही मिळकतीच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करू नये, आणि तो कागद त्या छपराखाली निघाला तर फोल्डरमध्ये परत ठेवायला लावावा. पुढच्या आठवड्यात, दुसऱ्या जागी, बहिणीच्या सोयीच्या वेळी बसता येते.

आपले,
कौटुंबिक समेटाच्या कामातील काही पाळक व मंडळीसेवक,
अहिल्यानगर